डीव्हीडी ड्राइव्ह आधी बायोसमध्ये दिसतो का ते बघा
नवी हार्डडिस्क जोडल्यापासून डीव्हीडी ड्राइव्ह दिसेनासा झालाय म्हणताय, तर विंडोज पुन्हा टाकायची घाई नका करू. आधी बायोस, म्हणजे संगणक सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणारा मूळ प्रोग्रॅम, उघडा. तिथेच ड्राइव्हचं नाव नसेल तर विंडोजचा काही दोष नाही. जुन्या मशीनमध्ये हार्डडिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह बऱ्याचदा एकाच ४० पिनांच्या आयडीई केबलवर (ड्राइव्ह मदरबोर्डला जोडणारी जुनी रुंद पट्टी) असतात आणि दोघांचे जंपर (कोण मुख्य, कोण दुय्यम हे ठरवणाऱ्या, पिनांवरच्या छोट्या टोप्या) मास्टरवर, म्हणजे मुख्यवर, राहिले की हमखास गोंधळ होतो. माझ्याकडे नेमकं हेच झालं होतं! ड्राइव्हच्या मागे, केबलच्या खाचेशेजारी पिनांच्या तीन जोड्या दिसतील. जवळच बारीक अक्षरांत एमए (मास्टर), एसएल (स्लेव्ह, म्हणजे दुय्यम), सीएस (केबल सिलेक्ट, म्हणजे केबलवरच्या जागेनुसार ठरणारं). वीज पूर्ण बंद करून ती चिमुकली टोपी चिमट्याने उचला आणि एसएलवर बसवा. बायोसमध्ये दिसूनही विंडोजमध्ये नसेल, तर मात्र रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जचा साठा) सीडी-रॉमच्या नोंदीतले अपरफिल्टर्स, लोअरफिल्टर्स (ड्राइव्हच्या वाटेत येणाऱ्या इतर सॉफ्टवेअरच्या नोंदी) तपासा, पण बॅकअप घेऊनच.