हात दुखत असताना साच्यासाठी पीओपी कसे कालवावे?

मृण्मयी_नाशिक

नमस्कार. मी दरवर्षी घरच्या आणि नातेवाइकांच्या गणपतीसाठी शाडूच्या मूर्ती करते. प्लास्टर ऑफ पॅरिस मला केवळ साच्यासाठी लागते, कारण प्लास्टरचा कोरडा साचा मातीतले पाणी शोषून घेतो आणि आत दाबलेली माती काही वेळाने कडांपासून आपोआप सुटते. यंदा नऊ इंची मूर्तीसाठी पुढचा आणि मागचा असा दोन भागांचा नवा साचा करायचा आहे.

अडचण हाताची आहे. संधिवातामुळे माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी आणि मनगटात कळा येतात, आणि बादलीतला माल दाट होऊ लागला की लाकडी पट्टी हातात धरवत नाही. ढवळणे अर्धवट सोडले तर गुठळ्या राहतात आणि साच्याच्या आतल्या बाजूला छिद्रे पडतात, ज्यांच्या जागी पुढे मूर्तीच्या चेहऱ्यावर बारीक उंचवटे येतात. स्वयंपाकघरातला जुना हँड ब्लेंडर किंवा ड्रिल मशीन वापरता येईल का? थोडे थोडे प्लास्टर कालवून थरांनी ओतले तर चालेल का? एका परिचितांनी पट्टी सोडून सरळ तळहातानेच कालवण्याचा सल्ला दिला आहे, त्याबद्दलही जाणकारांचे मत हवे आहे.

साचेकार_पेण

ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. घट्ट होऊ लागलेल्या प्लास्टरमध्ये हात ठेवू नका. प्लास्टर म्हणजे भट्टीत तापवून बरेचसे पाणी काढून टाकलेले जिप्सम. पाणी मिळाले की त्याचे पुन्हा जिप्सम होते आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. मोठ्या गोळ्यात ती साठत जाते आणि तापमान ६० अंश सेल्सिअसपर्यंत चढू शकते. इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात २००७ मध्ये एका शाळकरी मुलीने कलेच्या तासाला स्वतःच्या हातांचा साचा घेण्यासाठी ते प्लास्टरमध्ये बुडवून ठेवले होते. प्लास्टर घट्ट झाल्यावर हात बाहेर काढता आले नाहीत आणि भाजल्यामुळे तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. कारखान्यांत जुने कारागीर पातळ मालात पटकन हात फिरवून गुठळ्या फोडतात हे खरे आहे, पण ज्यांची बोटे मुळात सुजलेली आहेत त्यांनी त्यांचे अनुकरण करू नये.

आता ढवळण्याविषयी. आपल्याला एवढा वेळ ढवळावे लागते याचे कारण बहुधा हातात नसून प्लास्टर पाण्यात कसे टाकले जाते यात आहे. प्लास्टरवर पाणी ओतले किंवा पाण्यात एकदम ढीग लोटला की आतली पावडर कोरडी राहते आणि मग गुठळ्या फोडण्यातच मनगट जाते. आधी बादलीत पाणी घ्या. त्यावर चाळणीतून प्लास्टर सर्वत्र सारखे भुरभुरवत दोन-तीन मिनिटांत संपवा आणि त्यानंतर आणखी दोन-तीन मिनिटे बादलीला अजिबात हात लावू नका. पावडर स्वतःच्या वजनाने खाली बसते, कणांमधली हवा वर येते आणि पाणी प्रत्येक कणापर्यंत पोहोचते. अनेक जण नेमका हा वेळ वाया जातो असे समजून लगेच ढवळू लागतात आणि पुढे दुप्पट ढवळत बसतात. नीट भिजलेल्या प्लास्टरला दोन-तीन मिनिटांचे सावकाश ढवळणे पुरते.

प्रमाण अंदाजाने न घेता वजनाने घ्या. माती दाबण्याच्या साच्यासाठी १०० भाग प्लास्टरला ७० भाग पाणी हे चांगले प्रमाण आहे. आपल्या साच्याच्या एका भागासाठी सुमारे तीन लिटर माल लागेल असे धरले, तर दोन लिटर पाणी आणि दोन किलो ८०० ग्रॅम प्लास्टर घ्यावे. रासायनिक क्रियेला यातले पाणी १०० भाग प्लास्टरमागे जेमतेम १९ भाग लागते. उरलेले पुढे वाळून निघून जाते आणि त्याने सोडलेल्या सूक्ष्म पोकळ्यांमुळेच साचा मातीतले पाणी ओढतो. पाणी थोडे वाढवले तर ढवळणे सोपे होईल, साचा जास्त शोषक होईल, पण ठिसूळही होईल आणि कडा लवकर झिजतील. पाच-सहा मूर्तींपुरता साचा असेल तर ७५ भागांपर्यंत जायला माझी हरकत नाही.

थरांनी ओतणे मात्र टाळा. पहिला थर घट्ट झाल्यावर ओतलेला दुसरा थर त्याला एकजीव चिकटत नाही आणि दोन्हींची शोषणशक्तीही वेगळी राहते. आपला साचा मुळातच दोन भागांचा आहे, तेव्हा एका दिवशी एकच भाग ओता. भिंतीची जाडी सर्वत्र एक-सव्वा इंच ठेवली तरी या आकाराला पुरते, आणि तेवढा माल कमी कालवावा लागतो.

ड्रिल मशीन अवश्य वापरता येईल. वेग कमी-जास्त करता येणारे मशीन घ्या, त्याला रंग ढवळण्याचा छोटा पंखा लावा आणि तो तळापासून इंचभर वर, पूर्ण बुडालेला राहील असा धरा. दांडी बादलीच्या अगदी मध्यावर न धरता थोडी बाजूला आणि किंचित तिरकी धरली म्हणजे भोवरा होत नाही आणि हवा आत ओढली जात नाही. हँड ब्लेंडरचा वेग फार असतो, त्यामुळे फेसच होतो; शिवाय त्यात शिरलेले प्लास्टर निघत नाही आणि असे उपकरण पुन्हा अन्नाला लावणे योग्य नाही.

हस्तोपचार_पुणे

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ म्हणून हातांच्या विकारांवर काम करते. वरचा सल्ला मला पटला, पण ड्रिलच्या बाबतीत थोडी भर घालावीशी वाटते. अंगठ्याच्या मुळाचा सांधा दुखत असताना जड मशीन एका हाताने लोंबते धरणे, बोटाने खटका दाबून ठेवणे आणि वर कंपने सोसणे, हे पट्टीने ढवळण्यापेक्षा अधिक त्रासाचे ठरू शकते. दुखणे एका सांध्याकडून दुसऱ्याकडे सरकते इतकेच. म्हणून मशीन हातात धरायचे नाही, तर उभ्या ड्रिल स्टँडला आवळून बसवायचे आणि बादली त्याखाली सरकवायची, असा विचार करावा. स्टँड नसेल तर बॅटरीवर चालणारे, सुमारे किलोभर वजनाचे छोटे ड्रिल दोन्ही हातांनी, कोपर अंगाजवळ ठेवून धरावे. पाण्याजवळ वायर नसणे हाही त्याचा फायदा आहे. वायरचे मशीन वापरायचेच असेल, तर घरात अर्थ लीकेजला वीज तोडणारा स्विच बसवलेला आहे याची खात्री करून घ्यावी.

मशीन नको असेल तर पट्टी बदला. पातळ पट्टी चिमटीत धरावी लागते आणि सगळा भार अंगठ्यावर येतो. त्याऐवजी हातभर लांब, गोल दांडा घ्या, पकडीच्या जागी फोमची नळी किंवा जुने कापड गुंडाळून ती तीन-चार सेंटीमीटर जाड करा आणि दांडा दोन्ही मुठींत उभा धरा. बादली जमिनीवर दोन्ही पायांच्या मध्ये पक्की ठेवून स्वतः स्टुलावर बसा, म्हणजे मनगट सरळ राहून हालचाल खांद्यातून होते. ताक घुसळताना रवीला दोरी लावण्यामागची युक्ती हीच आहे, आणि कोणाकडे जुनी दोरीची मोठी रवी पडून असेल तर ती या कामाला राखून ठेवायला हरकत नाही.

आपण न विचारलेली एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. तीन लिटर माल असलेली बादली जवळजवळ पाच किलोची होते, आणि ती उचलून एका बाजूला कलती धरत सावकाश ओतणे हे दुखऱ्या मनगटाला ढवळण्याहून कठीण असते. माल साच्याच्या शेजारीच कालवा आणि मोठ्या कानाच्या प्लास्टिकच्या मगाने, प्रत्येक वेळी मग अर्धाच भरून, लागोपाठ ओता. संधिवातात सकाळी बोटे आखडलेली असतात, त्यामुळे हे काम दुपारनंतर ठेवावे. सांधा लाल, गरम किंवा सुजलेला असेल त्या दिवशी काम न करणेच इष्ट, आणि दुखणे वाढत असेल तर आपल्या संधिवात तज्ज्ञांना दाखवावे.

दंतशाळा_कोल्हापूर

आमच्या दंत प्रयोगशाळेत दिवसभर प्लास्टर कालवले जाते, म्हणून थोडेसे लिहितो. मूर्तीच्या चेहऱ्यावर बुडबुडे नकोत म्हणून सगळा माल घोटण्याची गरज नसते. नुकता कालवलेला, पातळ असतानाचा माल मऊ ब्रशने आधी चेहरा, सोंड, बोटे अशा नाजूक जागी लावून घ्यावा आणि लगेच, तो ओला असतानाच, उरलेला माल एका कोपऱ्यातून ओतावा. त्यानंतर टेबलाच्या खालच्या बाजूने मुठीने हलके ठोके देत राहिले की उरलेली हवा वर येते. आम्ही यासाठी कंपन यंत्र वापरतो. घरी हे काम दुसऱ्या कोणावर सोपवता येते.

अधिक कठीण साचा व्हावा म्हणून कोणी डेंटल स्टोन, म्हणजे दंतकामातले जास्त कठीण होणारे प्लास्टर, सुचवले तर घेऊ नका. त्याला १०० ग्रॅमला ३० मिलिलिटरच्या आसपासच पाणी लागते, त्यामुळे तो ढवळायला फार जड जातो, आणि घट्ट झाल्यावर पाणी कमी शोषत असल्याने माती दाबण्याच्या साच्याला उपयोगी पडत नाही.

मृण्मयी_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. बादली उचलण्याचा विचार मी खरोखर केलाच नव्हता. आणखी दोन शंका आहेत. उन्हाळ्यात आमच्याकडे टाकीचे पाणी कोमट असते आणि माल फार लवकर आवळतो, त्यामुळे घाईघाईने ढवळावे लागते. तो सावकाश आवळावा म्हणून काही घालता येईल का? आणि नंतर बादली खरवडण्याचाही हाताला तितकाच त्रास होतो, त्याला काही उपाय आहे का?

साचेकार_पेण

ताई, दोन्ही शंका एकमेकींशी जोडलेल्या आहेत. कोमट पाण्याने माल लवकर आवळतो हे खरे आहे, त्यामुळे माठातले पाणी घ्या. चिमूटभर सायट्रिक आम्ल पाण्यात विरघळवले तर वेळ वाढतो, पण साचा मऊ पडतो, म्हणून मी ते साच्याला वापरत नाही. पण बादलीला चिकटलेले जुने प्लास्टर तपासून पाहा. घट्ट झालेल्या प्लास्टरचे कण नव्या मालात मिसळले की त्यांच्याभोवती स्फटिक झपाट्याने धरतात आणि माल वेळेआधीच आवळतो. चाळणी, दांडा आणि बादली स्वच्छ असतील तर आपल्याला काही मिनिटे सहज जास्त मिळतील. पावडरची पिशवी जुनी किंवा दमट असेल तर तीही बदला, कारण ओल लागलेल्या प्लास्टरचा काही भरवसा नसतो.

बादली खरवडूच नका. कडक बादलीऐवजी मऊ, दाबली जाणारी रबराची किंवा पातळ प्लास्टिकची बादली घ्या. उरलेला माल तिच्यातच घट्ट होऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी बाजू दाबा, म्हणजे वडी सुटून येते. दांडा किंवा ड्रिलचा पंखा मात्र माल ओतल्याबरोबर दुसऱ्या बादलीतल्या पाण्यात फिरवून घ्या. ते पाणी मोरीत ओतू नका. प्लास्टर पाण्याखालीही घट्ट होते आणि नळी तुंबते. रात्रभर ठेवून वरचे निवळलेले पाणी बागेत ओता आणि तळाचा गाळ कचऱ्यात टाका. पावडर चाळताना नाकाला मास्क लावा आणि खिडकी उघडी ठेवा, पण त्या वेळी पंखा बंद असू द्या.

साचा सुटल्यावर तो उन्हात तापवू नका. सावलीत, दोन वीटांवर, हवा खालूनही लागेल असा ठेवा. एवढ्या जाडीला आठवडाभर तरी लागतो. हाताला गार लागायचा थांबला की माती दाबायला घ्या.