'लोकल नेटवर्क'ला काय म्हणायचं?

अर्धविराम
दुकानदारांसाठी बिलिंग सॉफ्टवेअरचं मराठी मदतपत्रक लिहितेय. सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, पावतीचा प्रिंटर दुकानातल्या वायफायवर. क्रोम १४२ (२०२५) पासून बाहेरची वेबसाइट अशा प्रिंटरकडे जाऊ लागली की आधी परवानगीची खिडकी येते. ती समजावताना मी 'स्थानिक नेटवर्कवरील उपकरणे' लिहिलं. रविवार पेठेतल्या एका काकांनी ते वाचून सरळ 'नाही' दाबलं. "स्थानिक म्हणजे अख्खी पेठ आली की! शेजारच्याला माझी बिलं कशाला?" प्रिंटर गप्प, गिऱ्हाईक ताटकळलेलं. दुसरा शब्द सुचवा.

तळेगाव_अपडाउन
लोकल म्हणजे लोणावळा. बाकी चर्चा तुमची.

काना_मात्रा
काकांचं काय चुकलं? स्थानिक सुट्टी, स्थानिक स्वराज्य संस्था. 'स्थानिक' गावाएवढा असतो, घराएवढा कधीच नाही. 'अंतर्गत जालक' लिहा.

वायरमन
'जालक' काका 'पालक' वाचतील.
इथे हद्द राउटरची असते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आतल्या वापरासाठी राखून ठेवलेत. काकांचा प्रिंटर १९२.१६८.१.५० असेल आणि शेजारच्याचाही तोच, तरी भांडण नाही. खिडकी येते ती वेगळ्या कारणाने : एखादी भामटी वेबसाइट आपल्याच ब्राउझरच्या आडून राउटरशी चाळे करू शकते. गंमत म्हणजे इंग्रजीतही या खिडकीच्या आधीच्या प्रस्तावात 'प्रायव्हेट' नेटवर्क होतं, नंतर 'लोकल' आलं.

मोडी_वाचतो
मग 'खासगी'च घ्या ना! होळकरांकडे दौलत वेगळी, खासगी वेगळी. खासगी म्हणजे घरचा हिशोब. अगदी चपखल.

काना_मात्रा
पुन्हा फारसी! शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला?

मोडी_वाचतो
मग 'परवानगी'ही काढा. 'मुभा' नको, अरबी आहे. 'हिशोब' नको. 'दुकान' तर नकोच, काका उद्यापासून विक्रीगृहात बसतील.

काना_मात्रा
हसा. 'दिनांक' आणि 'महापौर' आज कुणाला टोचतात?

खानदेशी_सून
अहो, भांडण पहिल्या शब्दावर आणि घोळ दुसऱ्यात! आमच्या सासूबाईंचं 'नेटवर्क' म्हणजे मोबाइलची रेंज. "गच्चीत नेटवर्क येतं" म्हणतात. त्यांना 'खासगी नेटवर्क' म्हटलं तर वाटेल, आपला टॉवर उभारला. सरळ 'तुमच्या वायफायवरचा प्रिंटर' लिहा.

वायरमन
वायरने जोडलेला असेल तर? तोही लोकलच.

मोडी_वाचतो
'खासगी' अजून उभा आहे.

खानदेशी_सून
खासगी बस म्हणजे ट्रॅव्हल्सची. तुमचे होळकर तिकडे स्वारगेटला सांगा.

अर्धविराम
काल काकांकडे जाऊन आले. पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हातून साइटची सेटिंग उघडली, परवानगी दिली, पावती निघाली. 'तुमच्या राउटरला जोडलेली यंत्रं' त्यांना पटलं. 'राउटर' कसा समजला विचारलं तर म्हणाले, "त्याचं भाडं मी भरतो."

काना_मात्रा
छापील पत्रकात 'यंत्रं' नको. 'यंत्रे'.

तळेगाव_अपडाउन
झालं, आता अनुस्वार. ही गाडी काही रात्रीच्या आत पोचत नाही.