ओरडणं म्हणजे तळमळ नव्हे

टीव्हीवर बातम्या देणारा निवेदक ओरडतो म्हणजे त्याला तळमळ आहे, असं काही जण म्हणतात; ते काही पटलं नाही भाऊ. आम्ही दूरदर्शनवर प्रदीप भिडेंच्या बातम्या ऐकत मोठे झालो. त्यांचं स्वतःचं मत काय, ते कधी कळलंच नाही. आता मत आधी कळतं, बातमी शोधावी लागते.

आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या रावेरकडचे केळीवाले. वादळात बागा आडव्या झाल्या तरी चॅनलवर मुंबईच्या राजकारणाचीच भांडणं. केळीच्या भावासाठी तर टीव्ही कुणी लावतच नाही, बऱ्हाणपूरच्या केळी बाजारात थेट फोन. (व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा भावही खोटा निघतो बरं का, एकदा चांगलाच फसलोय.) तेव्हापासून दोन ठिकाणी विचारल्याशिवाय घड कापायला देत नाही.