नवीन .३२ पिस्तूल ६० राउंडांत ५ वेळा अडलं, काय तपासू?

नवा_लायसन्सी
देशी बनावटीचं .३२, ब्लोबॅक (स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, गॅसच्या धक्क्यानंच मागे जाते). सोबत ८ राउंडांची दोन मॅगझिनं. रेंजवर ६० राउंड झाले. दोनदा रिकामी पुंगळी स्लाइडच्या खिडकीत उभी अडकली, दोनदा स्लाइड अर्ध्यात थांबली, एकदा नुसतंच ‘टक्’, गोळी सुटलीच नाही. साफसफाई म्हणाल तर वरून फडक्यानं पुसलं, तेवढीच. दुकानदार म्हणतो २०० राउंड झाडा, आपोआप सुटेल. लायसन्सवरचा कोटा बघता ते परवडणारं नाही. झाडत राहू की परत देऊ?

तेलपाणी
दोन्हीची घाई नको. आधी पॅकिंगचं ग्रीस काढा. ते गंज धरू नये म्हणून चोपडलेलं असतं, वंगण म्हणून नाही. त्यात जळकी दारू आणि धातूचा चुरा बसला की पॉलिश पेपरसारखं घासत राहतं.

पहिल्यांदा मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची राउंड बसायची जागा) डोळ्यांनी आणि करंगळीनं तपासा. क्रम उलटा केलात तर स्लाइड पुढे जाताना पुढचा राउंड चेंबरमध्ये बसतो आणि आपण समजतो पिस्तूल रिकामं आहे. नंतर उघडून जुन्या टूथब्रशनं स्लाइडच्या खाचा, पुंगळी धरणारा एक्स्ट्रॅक्टरचा आकडा आणि फायरिंग पिनच्या (काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन) भोकाभोवतीची जागा रॉकेलनं घासा. रॉकेल मिळेनासं झालंय, टर्पेंटाइन चालेल. थिनर नको, मुठीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या खराब होतात. कोरडं पुसून प्रत्येक खाचेत तेलाचा एकच थेंब, नळीला बाहेरून तेलकट बोट फिरवा. चेंबर, फायरिंग पिनचं भोक आणि मॅगझिनचा आतला भाग कोरडाच ठेवा.

मग स्लाइड पूर्ण मागे ओढून झटक्यात सोडायची, १०० ते १५० वेळा. काडतुसं दुसऱ्या खोलीत. हाताला फरक कळतो: सुरुवातीची खरखर जाते. बाकीच्या घासाईसाठी ५० राउंड पुष्कळ झाले.

उभ्या पुंगळीबद्दल. ब्लोबॅकमध्ये पुंगळीला गॅसच मागे ढकलतो, एक्स्ट्रॅक्टर ती इजेक्टरवर (पुंगळी बाहेर उडवणारा खुंट) आपटेपर्यंत फक्त धरून ठेवतो. त्यामुळे लगेच एक्स्ट्रॅक्टरला दोष देऊ नका. मनगट सैल असेल तर स्लाइडबरोबर सगळं पिस्तूलच मागे येतं, स्लाइडची चाल अपुरी पडते आणि पुंगळी बाहेर पडायच्या आत चिमटली जाते. नवी स्प्रिंग कडक असते, त्यात हे जास्तच जाणवतं. दोन्ही हातांनी घट्ट धरून १० राउंड मारा आणि बघा.

रिमवाला
‘स्लाइड अर्ध्यात थांबली’ हे नीट सांगा. वरच्या राउंडचं नाक रॅम्पवर (चेंबरकडे नेणारा उतार) टेकलं होतं, की राउंड मॅगझिनमधून सुटलाच नव्हता?

.३२ चं काडतूस अर्धवट रिमचं असतं, म्हणजे बुडाची कड (रिम) थोडीशीच बाहेर येते: बूड ८.५ मिमीच्या आसपास, रिम ९.१. भरताना वरच्या राउंडची रिम खालच्याच्या रिमच्या पुढे बसायला हवी. मागे गेली की आकड्यात आकडा अडकतो, स्लाइड कितीही ढकला, राउंड सुटत नाही. बोथट, पोकळ नाकाचे राउंड लांबीला कमी असतात. मॅगझिनमध्ये त्यांना मागेपुढे सरकायला जागा मिळते, म्हणून त्यांच्यात हे जास्त होतं. गोल नाकाचा पूर्ण २५ मिमीचा राउंडच वापरा. भरताना खालचा राउंड अंगठ्यानं दाबून वरचा मागे सरकवा आणि शेवटी मॅगझिनची पाठ तळहातावर हलकीच आपटा. अडकलाच तर स्लाइडशी मारामारी नको. मॅगझिन काढा, खालचा राउंड लाकडी काडीनं खाली दाबा, वरचा सुटतो.

शनिवार_रेंज
नाक रॅम्पवर टेकत असेल तर १००० नंबरचा पॉलिश पेपर मारा, दहा मिनिटांचं काम.

तेलपाणी
कृपा करून नको. पेपर बोटानं मारला की कडा गोल होतात, कोन बदलतो आणि मग वॉरंटीही गेली. रॅम्पवर खरंच ओरखडे असतील तर लायसन्सधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

जुना_खटका
‘टक्’कडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलंय. आवाज आला नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबायचं, कधी कधी दारू उशिरा पेटते. मग राउंड काढून प्रायमर (बुडातली दारू पेटवणारी टिकली) बघा. खळगा खोल असेल तर राउंड खराब. उथळ असेल तर फायरिंग पिनच्या भोकात ग्रीस भरलंय, किंवा स्लाइड पूर्ण पुढे आलीच नव्हती.

आणि ‘टक्’ऐवजी ‘फुस्स’ झालं, झटका नेहमीपेक्षा हलका लागला, तर पुढचा राउंड अजिबात मारू नका. गोळी नळीतच असू शकते. रिकामं करून नळीत सळई घालून बघा.

नवा_लायसन्सी
दोन्ही मॅगझिनांवर पेननं १ आणि २ लिहिलं. साफ करून, घट्ट धरून २४ राउंड मारले. उभी पुंगळी नाही, टक् नाही. स्लाइड एकदाच थांबली, २ नंबरवर, तिसऱ्या राउंडला. राउंड मॅगझिनमधून सुटलाच नव्हता.

रिमवाला
मग पिस्तूल परत देऊ नका, २ नंबर द्या. त्याआधी दोन्ही मॅगझिनांच्या ओठांमधलं (राउंड धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा) अंतर कॅलिपरनं मोजून कागदावर लिहून न्या. दुकानदाराशी वाद कमी होतो.