मदत हवी आहे: कुलाबा किल्ल्यावर चालत जायला कोणती तिथी बरी?

नमस्कार मंडळी, अलिबागकरांनी जरूर सांगा. आईला घेऊन अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीच्या वेळी चालत जायचंय, तिचे गुडघे दुखतात त्यामुळे पाण्यातून फार चालवायचं नाहीये. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे आजोबांकडून शिकलोय, म्हणजे अष्टमीला भरती साधारण सहाला आणि ओहोटी दुपारी बाराला, वेळ एकदम सोयीची, पण तेव्हा भांग असतो (म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी), मग पाणी पूर्ण ओसरतं का? आणि पौर्णिमा-अमावस्येला उधाणामुळे वाळू छान उघडी पडते पण ओहोटी पहाटे नाहीतर संध्याकाळी सहाच्या आसपास, परत येईपर्यंत अंधार. मग मधली एखादी तिथी, एकादशी वगैरे, कशी वाटते? घोडागाडी किती पाण्यापर्यंत जाते?

आईला सिद्धिविनायकाचं दर्शन हवंय आणि मला ती चुना न वापरता नुसते दगडावर दगड रचलेली तटबंदी नीट बघायचीय, लाटेचं पाणी फटींत शिरून जोर मरतो म्हणे, कमाल आहे! महाराजांनी १६८० मध्ये काम सुरू केलं, पुढे कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथे, १७२१ मध्ये इंग्रज-पोर्तुगीज मिळून आले तरी किल्ला पडला नाही, आणि आता आत वाड्यांचे नुसते चौथरे, वाईट वाटतं.

अजून एक, किल्ल्यावरच्या चाकांच्या तोफांवर १८४९ साल आहे, आंग्र्यांचं संस्थान तर त्याआधीच कंपनीने घेतलेलं, मग तोफा कशासाठी आणल्या? कोणी अभ्यास केला असेल तर प्लीज सांगा.