घरच्या मशिनवर मिरर : खरंच गरज आहे का?

साडेसाती

परवा इथे एकाने विचारलं होतं: घरच्या लिनक्स मशिनसाठी चार-चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्यात, फोटो, मुलांचे व्हिडिओ, स्कॅन केलेले सातबारे, खरेदीखतं असा सगळा ऐवज त्यावर टाकायचा आहे, तर डिस्क कशा लावू? खाली झाडून सगळ्यांचं एकच उत्तर, 'दोन्हींचा मिरर कर आणि निवांत झोप.' (मिरर म्हणजे जे लिहाल ते दोन्ही डिस्कवर एकदम लिहिलं जातं.) तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. माझं मत: घरात मिरर लावू नये. दुसरी डिस्क मशिनच्या बाहेर ठेवावी.

मिरर हा रेडचा (अनेक डिस्क एकत्र जुंपायच्या पद्धतीचा) एक प्रकार. रेड आलं कुठून ते बघा. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी निबंध मांडला, की एका अवाढव्य महागड्या डिस्कऐवजी पुष्कळशा लहान, स्वस्त डिस्क एकत्र जुंपाव्यात. पण डिस्क वाढल्या की त्यातली एखादी बंद पडण्याची शक्यताही त्याच पटीत वाढते, म्हणून काही जादा डिस्क घालून कारभार चालू ठेवायचा. बँकेचा सर्व्हर भर दुपारी थांबून चालत नाही, त्यांना हे हवंच. माझ्याकडचे भाच्याच्या मुंजीचे फोटो रविवारपर्यंत दिसले नाहीत तर कुणाचं काय अडलं?

घरात डेटा जातो कसा? कुणीतरी चुकीचा फोल्डर उडवतं. फुकटच्या गेमबरोबर रॅन्समवेअर येतं. स्वस्तातला पॉवर सप्लाय जाता जाता दोन्ही डिस्कचे बोर्ड जाळून जातो. घरफोडीत अख्खा डबा जातो. पंक्चर झाल्यावर डिकीतली स्टेपनी कामाची. गाडीच चोरीला गेली तर स्टेपनीही त्याच गाडीत. दुसरी डिस्क यूएसबीच्या खोक्यात घाला, आठवड्याला एकदा आरसिंक (फाईली दुसऱ्या डिस्कवर उतरवणारी आज्ञा) चालवा आणि काढून कपाटात ठेवा.

वायरमन

असहमत.

'आठवड्याला एकदा' म्हणे! साहेब, पहिला महिना होतं ते. मग गणपती येतात, मग दिवाळी, मग मार्चएंड. कपाटातली डिस्क काढली की तिच्यावरचा शेवटचा फोटो मागच्या उन्हाळ्यातला निघतो. मिररला तुमच्या आठवणीची गरज नाही, तो लिहितानाच दोन्हीकडे लिहितो. आणि तुमच्या यादीतून सगळ्यात नेहमीचा प्रसंग बरोब्बर निसटलाय: डिस्क आपली आपण मरते. कुणी फोल्डर उडवत नाही, चोर येत नाही, एक दिवस नुसतं टक् टक् वाजतं आणि संपलं.

आरसिंकचंही ऐका. त्याला डिलीटचा पर्याय लावून ठेवला असेल तर चुकून उडवलेलं तोही पुढच्या फेरीत इमानेइतबारे उडवतो.

सेटअपची उगाच भीती घालू नका. लिनक्सचा रेड म्हणजे एमडी, तो बांधायची आज्ञा एमडीअ‍ॅडम, आणि एकत्र जुंपलेल्या डिस्कचा संच म्हणजे अ‍ॅरे. एमडीअ‍ॅडमने मिरर बांधणं अर्ध्या तासाचं काम आहे. फक्त दोन गोष्टी पाळा. एक, अख्खी डिस्क अ‍ॅरेला देऊ नका. आधी जीपीटी (डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता) पार्टिशन करा आणि शेवटी शंभरेक एमबी मोकळे सोडा. उद्या बदली डिस्क दुसऱ्या कंपनीची आली आणि केसभर लहान निघाली तरी ती मापात बसते. अख्खी डिस्क दिली तर आणखी एक भानगड आहे. एमडीअ‍ॅडमची ओळखपाटी (डिस्क कुठल्या अ‍ॅरेची ही नोंद) डिस्कच्या सुरुवातीपासून ४ केबीवर असते. डिस्कवर पूर्वी कधी जीपीटी असेल तर तिची राखीव प्रत डिस्कच्या शेपटाला तशीच पडून असते. काही मदरबोर्डांचं बायोस ती बघतं, 'अरेरे, पुढची प्रत बिघडली वाटतं' म्हणून आपणहून दुरुस्त करतं, आणि नेमकी ओळखपाटी पुसली जाते. रीस्टार्टनंतर अ‍ॅरे गायब, आणि माणूस लिनक्सला शिव्या घालतोय.

दोन, एफएसटॅबमध्ये (बूटला काय काय जोडायचं त्या यादीत) अ‍ॅरे यूयूआयडीने (न बदलणाऱ्या ओळखक्रमांकाने) लावा आणि 'नोफेल' (सापडला नाही तरी पुढे जा) लिहा. नाहीतर डिस्क रुसली त्या दिवशी मशिन बूट न होता आपत्कालीन शेलमध्ये जाऊन बसेल.

साडेसाती

बांधणं सोपं आहे हे मी नाकारलंय कुठे? सांभाळणं सोपं नाही.

एक डिस्क बसली तर मिरर काय करतो? काहीच नाही. गुमान दुसरीवर चालू राहतो, त्याचं कामच ते. एमडीअ‍ॅडम मेल पाठवतं म्हणता, पण घरच्या किती मशिनवर मेल बाहेर पडण्याची सोय असते? ते पत्र मशिनच्याच रूटच्या (मुख्य खात्याच्या) पेटीत पडून राहतं. मग सहा महिन्यांनी दुसरी डिस्क जाते आणि साहेब म्हणतात, 'पण मी तर मिरर लावला होता!'

दर महिन्याची तपासणीही तशीच. डेबियनमध्ये वर्षानुवर्षं ती महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री १२:५७ ला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं सोडणारी सोय) सुटते आणि दोन्ही डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचून काढते. उत्तम योजना. फक्त घरचा डेस्कटॉप त्या वेळी बंद असतो, आणि बंद मशिनवर क्रॉन चालत नाही. म्हणजे शिस्त लागतेच. आठवणीने डिस्क लावायचा कंटाळा करणारा माणूस आठवणीने एमडीस्टॅट (अ‍ॅरेची तब्येत दाखवणारी फाईल) बघेल, हे कुठलं गणित?

उंबरठा

दोघंही चुकीच्या हत्यारावर भांडताय. एमडीच्या मिररमध्ये दोन प्रती जुळल्या नाहीत तर खरी कुठली हे त्याला सांगताच येत नाही. तपासणीत फक्त आकडा मिळतो की इतक्या ठिकाणी फरक आहे. दुरुस्त करायला सांगितलं तर तो एक प्रत दुसरीवर उतरवतो. उतरवलेली नासकी नव्हती कशावरून? झेडएफएस (स्वतःचं रेड असलेली फाईल सिस्टिम) प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) वेगळा ठेवतं, त्यामुळे कुठली प्रत सडली ते त्याला कळतं आणि चांगलीवरून ती नीट करतं. २००५ मध्ये सन कंपनीने हे सोलारिसमध्ये आणून दाखवलंय. शिवाय स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) आहेत, चुकून उडवलेला फोल्डर मिनिटात परत. साडेसातींचा अर्धा धागा तिथेच निकाली निघतो.

वायरमन

आले झेडएफएसवाले, वाटच बघत होतो. (हलके घ्या.)

चेकसमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण परवान्याच्या वादामुळे ते लिनक्सच्या कर्नलच्या (गाभ्याच्या) बाहेरच राहिलंय. नवा कर्नल आला आणि मॉड्यूल त्यासाठी तयार नसलं की पूल (झेडएफएसचा डिस्कसंच) दिसत नाही, आणि घरचा माणूस घाबराघुबरा होतो. डिस्क एकेक करून वाढवायची म्हणाल, तर रेडझेडमध्ये (झेडएफएसच्याच एका रेड-प्रकारात) एखादीच डिस्क घालायची सोय जानेवारी २०२५ मध्ये, ओपनझेडएफएस २.३ बरोबर आली. एमडीमध्ये ती कित्येक वर्षं जुनी आहे.

पोफळी

मोठ्यांच्या भांडणात मधेच बोलते, माफ करा. माझ्याकडे वायरमनदादा सांगतात तसाच मिरर आहे. गेल्या महिन्यात पावसात लाईट सारखी ये-जा करत होती. त्यानंतर अ‍ॅरेचं नाव आपोआप एमडी० चं एमडी१२७ झालं. हा धागा वाचून आज पहिल्यांदा एमडीस्टॅट उघडून बघितलं, तर तिथे [२/१] [यू_] असं दिसतंय. फाईली सगळ्या उघडतायत. नेटवर एका ठिकाणी लिहिलंय की अ‍ॅरे परत क्रिएट करा. करू का?

वायरमन

पोफळीताई, क्रिएट अजिबात करू नका. तो सल्ला देणाऱ्याला उलटं टांगलं पाहिजे. क्रिएट म्हणजे नवी ओळखपाटी. डिस्कचा क्रम किंवा ऑफसेट (डेटा सुरू होण्याची जागा) इकडचा तिकडे झाला, किंवा जुनी डिस्क नवीवर उतरली, की मग देवाचा धावा.

[यू_] म्हणजे एक डिस्क चालू, दुसरी अ‍ॅरेबाहेर. आधी जिवंत डिस्कवरून महत्त्वाचं सगळं तिसरीकडे कॉपी करा. ते झाल्याशिवाय पुढचं वाचू नका.

झालं? आता दोन्ही पार्टिशनवर एमडीअ‍ॅडमचं एक्झामिन चालवा. दोन्हीकडे 'इव्हेंट्स' असा आकडा दिसेल. ज्याचा कमी ती मागे पडलेली डिस्क. मग स्मार्टसीटीएलने (डिस्कची तब्येत सांगणारी आज्ञा) तिच्या नोंदी काढा आणि या क्रमांकांच्या तीन ओळी बघा: ५, १९७ आणि १९९. पहिल्या दोन वाढल्या असतील तर डिस्कच नासतेय, बदला. त्या शून्य आणि १९९ वाढलेली असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते, साटाची (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) केबल ढिली किंवा खराब असते. १९९ चा आकडा कधीच खाली येत नाही, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा. केबल बदलल्यावर आणखी चढला नाही म्हणजे रोग सापडला.

मग री-अ‍ॅड, म्हणजे डिस्क अ‍ॅरेत परत घेणं. मोठ्या अ‍ॅरेला एमडीअ‍ॅडम आपणहून बिटमॅप लावतं, कुठले भाग बदलले त्याची ती खतावणी. ती असेल तर फक्त बदललेलंच कॉपी होतं. नसेल तर अख्खे चार टीबी, म्हणजे सेकंदाला १५० एमबी धरले तरी सात-आठ तास.

एमडी१२७ ला घाबरू नका. बूटच्या वेळी अ‍ॅरेचं नाव इनिटरॅमएफएसमधल्या (बूटच्या सुरुवातीला लागणारा छोटा फाईलसंच) यादीत सापडलं नाही की तो शेवटून मोजायला लागतो. डिटेल-स्कॅनची ओळ एमडीअ‍ॅडमच्या कॉन्फिग फाईलमध्ये टाका आणि इनिटरॅमएफएस ताजं करा.

साडेसाती

घ्या. महिनाभर एका डिस्कवर चाललं होतं आणि कळलं केव्हा, तर धागा वाचताना. पोफळीताई, तुमच्यावर राग नाही, पण माझी बाजू तुम्हीच मांडलीत.

कोकणकडा

वायरमन यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. थोडी भर.

केबल निर्दोष निघाली तर डिस्कची जात बघा. साधी डेस्कटॉप डिस्क खराब सेक्टर वाचायला लागली की हट्टाला पेटते, कधी कधी दोन मिनिटांच्या वर खटपट करत बसते. लिनक्सचा कर्नल मात्र ३० सेकंद थांबतो, मग लिंक रीसेट करतो, आणि त्या गडबडीत धडधाकट डिस्क अ‍ॅरेबाहेर फेकली जाते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवण-यंत्रासाठीच्या) डिस्क सात सेकंदांत हार मानून मोकळ्या होतात, मग एमडी तेवढा भाग दुसऱ्या प्रतीवरून आणून जागच्या जागी लिहून टाकतो. स्मार्टसीटीएलमध्ये एससीटी ईआरसीची (खटपटीच्या मुदतीची) किंमत ७० ठेवता येते, म्हणजे ७ सेकंद. बऱ्याच डिस्क वीज गेल्यावर ही किंमत विसरतात, म्हणून ती दर बूटला परत द्यायची. डिस्कला ही सोयच नसेल तर उलट करा, कर्नलचा वेळ ३० वरून १८० सेकंद करा. घरगुती अ‍ॅरे 'विनाकारण' तुटतात त्यातले कितीतरी इथे तुटतात आणि दोष रेडच्या माथी जातो.

दुसरं एसएमआर. या डिस्क कौलांसारखे एकावर एक चढलेले ट्रॅक लिहितात. सलग मोठं लिखाण आलं की दम लागतो, आणि रीबिल्ड (बदली डिस्क पुन्हा भरणं) म्हणजे नेमकं तेच. एप्रिल २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलला मान्य करावं लागलं की नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'रेड' (म्हणजे लाल) नावाच्या मालिकेत २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत. तेव्हापासून डब्यावरच्या नावावर न जाता मॉडेल नंबर तपासून घेतो.

तिसरं, विजेचं. आमच्याकडे चिपळूणला जून ते सप्टेंबर लाईटचा भरवसा नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं समजू नका. साधा घरगुती इन्व्हर्टर बदलताना जो झटका देतो त्यात पंखा फिरत राहतो, पीसी नाही. रेड-५ वर (तीन किंवा जास्त डिस्क, एक गेली तर तिचा माल पॅरिटी या जादा हिशेबावरून परत काढतात) तर लिहिता लिहिता वीज गेली की डेटा एका वेळचा आणि पॅरिटी दुसऱ्या वेळची राहू शकते. आधी यूपीएस, मग अ‍ॅरे.

आणि मोलेक्समधून (जुन्या प्रकारच्या वीज-जोडातून) साटा काढणारे, प्लास्टिकच्या साच्यात ओतलेले स्वस्त जोड कृपया वापरू नका. आतल्या तारा एकमेकींना टेकून पेटल्याची उदाहरणं ढिगाने आहेत.

जुनाट डबा

कशाला एवढा उपद्व्याप राव? क्लाऊडवर टाका आणि मोकळे व्हा.

साडेसाती

टाका की. फुकट १५ जीबी मिळतात, मुलाच्या एका वाढदिवसाला संपतात. चार टीबीचं भाडं दर महिन्याला भरायची तयारी असेल तर माझी हरकत नाही. निदान ती प्रत घराबाहेर तरी आहे.

कोकणकडा, रेड-५ चं नाव काढलंत म्हणून विचारतो. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १० च्या चौदाव्या घाताइतके बिट वाचताना एखादी चूक होऊ शकते. म्हणजे साडेबारा टीबी. आठ-आठ टीबीच्या तीन डिस्कचा रेड-५ असेल आणि एक गेली, तर उरलेल्या दोन मिळून १६ टीबी न चुकता वाचायचे. जमणार?

कोकणकडा

जमतं. तो आकडा कंपनीने स्वतःला दिलेली वरची मर्यादा आहे, सरासरी नव्हे. तसं असतं तर मोठ्या अ‍ॅरेच्या दर तपासणीत चुका सापडल्या असत्या, आणि तसं होत नाही. पण तीन डिस्क असतील तर घरासाठी मीही रेड-५ करणार नाही. दोनचा मिरर, तिसरी बाहेर.

वायरमन

हेच म्हणतोय मी सकाळपासून.

साडेसाती

नाही, तुम्ही म्हणत होतात 'निवांत झोप'. तिसरी डिस्क आत्ता आली.

वायरमन

'निवांत झोप' दुसऱ्या धाग्यावर दुसऱ्यांनी म्हटलंय, माझ्या खात्यावर टाकू नका. आणि दोनच डिस्कचे पैसे असतील तर बाहेरची प्रत आधी, हे मी मान्य करतो. पण तिसरी परवडत असताना मिरर 'लावूच नये' हा तुमचा हट्ट मला अजून कळलेला नाही. शनिवारचा बॅकअप आणि बुधवारी डिस्क गेली, तर मधल्या चार दिवसांचं काय? लग्नाच्या हंगामात फोटो काढणाऱ्याला विचारा.

साडेसाती

त्याने बॅकअप रोज घ्यावा. क्रॉनला सांगा, यूपीएसवर मशिन चालू ठेवा.

पोफळी

आधी सगळं भावाच्या लॅपटॉपवर कॉपी केलं, मग वायरमनदादांनी सांगितलं तसं केलं. ५ आणि १९७ शून्य, १९९ मात्र ४१२. केबल उपसली तर तिची क्लिपच तुटलेली निघाली. नवी लावली, री-अ‍ॅड केलं, काही मिनिटांत [२/२] [यूयू]. १९९ रात्रीपर्यंत ४१२ वरच आहे. धन्यवाद!

मिरर आहे तसा ठेवतेय. साडेसातींचं ऐकून एक जादा डिस्क नाशिकला भावाकडे ठेवायचं ठरवलंय, तो महिन्यातून एकदा येतो. त्याच्याकडे जुनी तीन टीबीची पडून आहे. मिरर चार टीबीचा असला तर ती चालेल का, की तेवढ्याच मापाची हवी?

कोकणकडा

बॅकअपला मापाचं बंधन नाही, आतला माल मावला की झालं. तुमचा किती भरलाय?

पोफळी

दीड टीबी.

कोकणकडा

मग चालेल. आधी तिच्याही ५ आणि १९७ बघून घ्या.