इग्वाना घरी आणला आहे, पावसाळा तोंडावर आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेले तीन आठवडे आमच्या विक्रोळीच्या घरात एक हिरवा इग्वाना, म्हणजे सरड्यासारखा पण बराच मोठा प्राणी, राहतोय. खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या मुलाचा. तो शिकायला परदेशी गेला आणि काकूंना त्याला हात लावायची भीती. एकदा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तू नेतेस का? नाहीतर बोरिवलीच्या जंगलात सोडून येऊ." ते ऐकलं आणि मी लगेच हो म्हटलं. मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी, आयुष्यभर आयतं खाल्लेलं. एकटा सोडला तर त्याचे हाल, आणि असे बरेच सुटले तर जंगलाचे. फ्लोरिडात पाळीव इग्वाना सुटून इतके वाढलेत की बागा आणि कालव्यांचे काठ पोखरून ठेवतात.

नाव मिठू. वय पाच वर्षं, नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साडेतीन फूट. मांड्यांखाली छिद्रांची रांग ठळक दिसते, म्हणजे नर.

आतापर्यंत तो खिडकीशी ठेवलेल्या चार फुटी काचेच्या पेटीत राहिला. ऊन येतं ना, मग झालं, असं त्यांना वाटायचं. पण खिडकीच्या काचेतून यूव्हीबी (उन्हातले अतिनील) किरण आत येत नाहीत, आणि त्यांच्याशिवाय याच्या अंगात ड३ जीवनसत्त्व नीट तयार होत नाही, खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. त्यात खाणं म्हणजे पालक, केळं आणि आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. पालकातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून टाकतं. अंड्याचं कारण विचारलं तर काकू म्हणाल्या, "घोरपडीच्या जातीचाच ना तो?" घोरपड मांसाहारी, हा निव्वळ पाल्यावर जगणारा. अंड्या-मांसाने याच्या मूत्रपिंडावर ताण येतो. काकूंना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता मुख्य काळजी. परवा सकाळी तो पडद्यावरून वर चढत होता. पुढच्या पायाची नखं कापडात रुतलेली आणि मागच्या पायाची बोटं बारीक थरथरत होती, सतार वाजून गेल्यावर तार हलत राहते तशी. मी खाली तळहात धरला तर सगळा भार त्यावर टाकून डोळे मिटून थांबला. खालचा जबडा हळूच चाचपला, एका बाजूला हाडाचा कडकपणा लागेना. जवळच्या दवाखान्यात नेलं होतं, पण ते कुत्र्या-मांजरांचंच बघतात.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. ही थरथर कॅल्शियमचीच का, आणि मी घरी थेंब सुरू करू का? जूनपासून चार महिने ऊन दिसणार नाही, तेव्हा दिव्यांची सोय कशी करायची? आणि तो पालकाशिवाय कशाला तोंडच लावत नाही, त्याचं काय?

घरात सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत आणि मुलगा सहावीत. अशा प्राण्यांकडून माणसाला होणाऱ्या साल्मोनेला जिवाणूच्या संसर्गाचं वाचलंय, त्यामुळे मिठूचा टब वेगळा, तो स्वयंपाकघरात येत नाही, आणि हात लावला की साबणाने धुवायचे हे मुलाला पाठ झालंय.

मुलुंडकर:
ताई, आमच्याकडे नऊ वर्षं इग्वाना होता, त्या अनुभवावरून लिहितो. बोटं थरथरणं आणि जबडा मऊ लागणं दोन्ही एकत्र असेल तर थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. परळच्या प्राण्यांच्या रुग्णालयात आधी फोन करून सरपटणाऱ्या प्राण्यांचं कोण आणि कधी बघतं ते विचारा. एक्स-रे आणि रक्ततपासणी मागा. ड३ चे थेंब स्वतःच्या मनाने अजिबात नकोत, जास्त झालं तर तेही घातक. नेताना सुती अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा, अंधारात शांत राहतो. शेपटी कधी धरायची नाही, तुटते. परत येते, पण काळपट आणि आखूड.

दिव्याचं सांगतो. यूव्हीबीची नळी लांब घ्या, गोल बल्ब नको. त्याच्या बसायच्या फांदीपासून किती अंतरावर लावायची ते खोक्यावर असतं, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक येता कामा नये. रोज बारा तास. नळी पेटलेली दिसली तरी वर्षभरात किरण कमी होतात, म्हणून विकत घेतल्याची तारीख तिच्यावरच लिहून ठेवा. शेकायच्या जागी ३५ अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला २७-२८. तापणारे दगड विकतात ते घेऊ नका, पोट भाजतं आणि त्याला वेळेवर कळत नाही. दमट हवा मात्र त्याला मानवते, तिथे मुंबई आपल्या बाजूने आहे. ऊन पडलं की गॅलरीत जाळीच्या पिंजऱ्यात ठेवा, अर्धी सावली ठेवून. घारींवर लक्ष असू द्या. आणि वरून हात घालू नका. डोक्यावर उजेड-सावली ओळखणारा तिसरा डोळा असतो, वरून सावली आली की त्याला शिकारी पक्षीच वाटतो.

चाळीतली बाग:
खाण्याचं मी सांगते. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, किसलेला लाल भोपळा. पालक एकदम बंद केलात तर उपाशी बसेल. सगळं अगदी बारीक चिरून पालकात कालवा आणि रोज पालक चिमूटभर कमी करा. अळू नको. बाजारातली फुलं नकोत, फवारलेली असतात.

आणि कागदांचं विचारलंत का? वन्यजीव कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, त्यात इग्वानासारखे विदेशी प्राणीही आले. २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते आणि प्राणी दुसऱ्याकडे गेला तर तेही कळवावं लागतं.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. शनिवारी मिठूला नेलं. एक्स-रेत मागच्या पायांची हाडं फिकट दिसताहेत, पण मोडलेलं काही नाही. डॉक्टरांनी कॅल्शियमचं औषध मोजून लिहून दिलंय आणि सहा आठवड्यांनी परत बोलावलंय. नळी रविवारी लावली, तारीख लिहिली. काकूंच्या मुलाला फोन केला. नोंदणी त्याच्या नावावर आहे, आता माझ्याकडे आल्याची नोंद दोघं मिळून करतोय.

खाण्याचे पाच दिवस कठीण गेले. रोज शेवग्याची पानं चिरली तरी तो जिभेच्या टोकाने चाटून पालकाचे तुकडे बरोबर वेगळे काढायचा. काल सोसायटीतल्या झाडाचं लाल जास्वंद अख्खंच समोर धरलं. जीभ लावली, मान वळवली, परत लावली आणि देठासकट ओढून घेतलं. नाकाला पांढरे कण चिकटले होते, तेही शिंकून टाकले. ते मीठच असतं हे वाचलं होतं, म्हणून घाबरले नाही.

आता शेवटची मदत. सहा फूट उंच, जाळीचा, आत फांद्या बसवता येतील असा पिंजरा करून देणारा सुतार विक्रोळी-घाटकोपर भागात कोणाच्या माहितीत आहे का? असल्यास कृपया व्यक्तिगत निरोप करा.